भारतात एकही ट्रायगोना नाही

गेल्या नोव्हेंबरात मी पोयाची, म्हणजे बिननांगीच्या बारीक मधमाशीची, एक पेटी विकत घेतली. फणसाच्या फळीची, दोन विटा एकावर एक ठेवल्या तर होईल एवढीच. विकणारा दक्षिणेकडून टेम्पोभर पेट्या घेऊन कोकणात उतरला होता आणि प्रत्येक पेटीवर निळ्या मार्करनं एकच शब्द लिहिला होता, 'ट्रायगोना'. मी विचारलं, "यात नेमकी कुठली जात आहे?" तो हसला. "साहेब, पोया म्हणजे पोया. तिच्यात कसली आलीय जात?"

पैसे दिले आणि पेटी मांडीवर घेऊन घरी आलो. काकीनं ओट्यावरूनच विचारलं, "आपल्या जोत्यात पोयाचा घर असताना इकत कित्या आणलंस?" प्रश्न बिनतोड होता. आमच्या घराच्या जोत्यात, दोन चिऱ्यांच्या सांध्यात, पोयाचं एक घर माझ्या लहानपणापासून आहे. तिथून करंगळीएवढी एक काळपट नळी बाहेर आलेली असते, मेण आणि झाडाची राळ कालवून केलेली. नळीच्या तोंडाशी पाचसहा माश्या गोल धरून बसलेल्या असतात, मुंगीपेक्षा जरा मोठ्या, काळ्या. मागच्या पायावर परागाची पिवळी गोळी घेऊन एखादी आली की बाजूला सरतात, पुन्हा गोल धरतात. मुंगी नळीवर चढली तर तिला चिकट राळ फासतात. लहानपणी मी काडी घालायचो तेव्हा केसांत शिरायच्या, पापणीला चावायच्या. नांगी नावापुरती उरलेली, मारता येत नाही, म्हणून चावा. काकी म्हणायची, "ऱ्हवांदे रे, त्या काय चावणत नाय." चावायच्या, पण तिची चावण्याची व्याख्या आग्या माशीवर बेतलेली होती.

आता पेटीवरच्या त्या शब्दाबद्दल. मराठी प्रशिक्षण-पुस्तिकांत, सरकारी पत्रकांत, पेट्या विकणाऱ्यांच्या पाट्यांवर पोयाचं शास्त्रीय नाव अजूनही 'ट्रायगोना इरिडिपेनिस' असंच छापलं जातं. त्यातला पहिला शब्द चुकला आहे. आजच्या वर्गीकरणात ट्रायगोना ही प्रजाती फक्त अमेरिका खंडात, मेक्सिकोपासून अर्जेंटिनापर्यंत सापडते. भारतात एकही ट्रायगोना नाही. (प्रजाती म्हणजे विश्वकोशातली प्रजाती, अनेक जातींना पोटात घेणारी. वर्तमानपत्रं जातीलाही प्रजातीच म्हणतात, त्याला माझा इलाज नाही.) आणि दुसऱ्या शब्दाबद्दलही, म्हणजे आपल्याकडची प्रत्येक पोया 'इरिडिपेनिस'च आहे का याबद्दल, शंका घ्यायला भरपूर जागा आहे.

यावर कोणीही विचारील की नावानं काय फरक पडतो? शेतकऱ्याला माशी हवी, लॅटिन नको. मला हे वर्षभर अनेकांनी ऐकवलं आहे, त्यात शिकलेसवरलेले जास्त. माझं म्हणणं उलट आहे. पोयाच्या पेट्यांना अनुदान द्यायचं, त्या राज्याच्या सीमा ओलांडून वाहायच्या, तिच्या मधाला औषधी म्हणून चढा भाव घ्यायचा, हे सगळं सुरू करण्याआधी ती कोण आहे हे ठरवायला हवं. आपण गाडी आधी जोडली आहे आणि बैल कुठला हे अजून बघितलेलं नाही.

नावाची गोष्ट 1854 साली सुरू होते. फ्रेडरिक स्मिथ या कीटकशास्त्रज्ञानं ब्रिटिश म्युझियमच्या कॅटलॉगमध्ये श्रीलंकेहून आलेल्या एका बारीक माशीची नोंद केली आणि पंखावरच्या इंद्रधनुषी झळाळीवरून तिला इरिडिपेनिस म्हटलं. त्या काळी बिननांगीची बहुतेक माशी दिसली की ती ट्रायगोना, मग ती ब्राझीलची असो की मलबारची. पुढची शंभर वर्षं भारतात कोणी पोया पकडली की स्मिथचं वर्णन काढायचं, 'तीच ही' म्हणायचं आणि पुढे जायचं, असाच शिरस्ता राहिला. स्मिथची माशी श्रीलंकेची होती हे सोयीस्करपणे बाजूला राहिलं.

1961 साली ब्राझीलमधल्या कुरितिबाच्या जेझुस सांतियागो मूर यांनी जुन्या जगातल्या, म्हणजे आशिया, आफ्रिका आणि ऑस्ट्रेलियाकडच्या, या माश्यांची नवी मांडणी केली. मूर हे धर्मगुरू आणि आयुष्यभर माश्यांच्या मागे लागलेले. आपल्या पोयाला त्यांनी 'टेट्रागोनुला' या नव्या खणात ठेवलं. बाकीच्यांनी त्याकडे फारसं लक्ष दिलं नाही. अमेरिकेतले चार्ल्स मिचनर, मधमाश्यांच्या वर्गीकरणातलं विसाव्या शतकातलं सर्वांत मोठं नाव, आपल्या पोयाला ट्रायगोनाच्याच पोटात ठेवत राहिले. मग 2010 मध्ये क्लाउस रासमुसेन आणि सिडनी कॅमेरॉन यांनी जगभरच्या बिननांगीच्या माश्यांच्या जनुकांवरून वंशवृक्ष मांडला आणि मूर बरोबर होते हे दिसलं. अमेरिकेतल्या माश्यांची एक फांदी, आफ्रिकेतल्यांची दुसरी, भारत ते ऑस्ट्रेलिया या पट्ट्यातल्यांची तिसरी. आपली पोया आफ्रिकेतल्या माश्यांना जवळची, ॲमेझॉनच्या ट्रायगोनाला दूरची. दिसायला सारख्या म्हणून एका नावाखाली बांधलेल्या माश्यांची नाती खंडांप्रमाणे लागली.

हे वाचताना मला जास्त गंमत वाटते ती त्याआधीच्या एका वादाची. मागच्या पायावर परागाची टोपली असणाऱ्या माश्यांच्या आज चार कुळ्या आहेत: आपली सातेरी-आग्यावाली मधमाशी, पोयाची कुळी, थंड मुलखातले गुबगुबीत बम्बलबी आणि अमेरिकेतल्या चमकत्या ऑर्किड-माश्या. यातल्या पहिल्या दोघींचाच संसार मोठा: एक राणी, शेकडो-हजारो कामकरी, वर्षानुवर्षं चालणारं घर. म्हणून त्या सख्ख्या बहिणी, असं शरीररचना बघणारे बराच काळ म्हणत आले. जनुकं सांगतात की पोयाची सख्खी बहीण बम्बलबी आहे. म्हणजे राणी-कामकरी असा पक्का बांधलेला समाज एकदाच नव्हे तर बहुधा दोनदा, दोन वेगळ्या घरांत उभा राहिला. 'बहुधा' म्हणतो, कारण एकाच मूळ समाजातून दोन घरं निघाली आणि बाकीच्या दोघींनी तो सोडला, असंही म्हणता येतं. पण पेटी उघडून बघितली की मला पहिलं म्हणणं पटतं. सातेरीची कामकरी माशी अळीला घास भरवते, पुन्हापुन्हा येऊन. पोया तसं करत नाही. ती कोठडी बांधते, तिच्यात सगळं अन्न एकदमच ओतते, राणी वर अंडं घालते आणि कोठडी बंद. डबा भरून दिला, झाकण लावलं, आता मोठी होऊनच बाहेर ये. मधही सातेरीसारखा षटकोनी पोळ्यात नसतो, मेण-राळेच्या बोराएवढ्या मडक्यांत असतो. बाहेरून दोन्ही 'मधमाश्यांची वसाहत', आत दोन निराळी घरं.

राळ हा या कुळीचा जुना सोबती आहे. त्यामुळेच तिचा इतिहास आपल्याला कळला. झाडाची राळ गोळा करायला गेलेली माशी राळेतच अडकते, राळेचा अंबर होतो. न्यू जर्सीच्या अंबरात सापडलेली 'क्रेटोट्रिगोना प्रिस्का' ही कामकरी माशी मिचनर आणि डेव्हिड ग्रिमाल्डी यांनी 1988 मध्ये जगासमोर आणली. ती डायनोसोरांच्या काळाच्या अखेरची आहे. आपल्या शेजारी, सुरत जिल्ह्यातल्या तडकेश्वरच्या लिग्नाइट खाणीत सुमारे 5 कोटी वर्षांपूर्वीचा अंबर मिळतो आणि त्यात परागाची टोपली असलेल्या माश्या आहेत. त्या पोयाच्या थेट पूर्वजा नव्हेत, आता नामशेष झालेल्या तिच्या जवळच्या कुळीतल्या आहेत. तो अंबर ज्या झाडांच्या राळेचा आहे ती साल वृक्षाच्या नात्यातली होती. इंग्रज अमलात पोयाला 'डामर बी' हे नाव पडलं तेही तसल्याच झाडांच्या राळेवरून. पाच कोटी वर्षं गेली, राळेचं वेड तेच.

आता मुद्द्यावर येतो. पोयाचं घर कसं वाढतं हे समजलं की टेम्पोचा धोका कळतो. सातेरीचा थवा उठतो तेव्हा जुनी राणी आपला गोतावळा घेऊन निघते आणि मागे वळून बघत नाही. पोयाची जुनी राणी उडूच शकत नाही, तिचं पोट इतकं फुगलेलं असतं. नवी, तरुण राणी जाते. ती जाण्याआधी कामकरी माश्या नव्या जागेपर्यंत मेण, राळ आणि मध नेऊन ठेवतात आणि ती गेल्यावरही काही आठवडे ही ने-आण चालू असते. लेक सासरी गेली तरी माहेरचे डबे सुटत नाहीत. साहजिकच सासर माहेरापासून लांब असून चालत नाही. काही शे मीटर, फार तर त्याहून थोडं पुढे. एखादी रुंद खाडी, उघडा माळ, झाडं नसलेला डोंगर तिला भिंतीसारखा असतो. अशा माशीत जागोजाग वेगळेपण साचतं. डोळ्यांना दिसत नाही, पण असतं. आणि जे अंतर कापायला तिच्या अगणित पिढ्या गेल्या असत्या ते टेम्पो एका रात्रीत कापतो.

ही भीती कल्पनेतली नाही. ऑस्ट्रेलियात, ब्रिस्बेनच्या आसपास, आपल्याच टेट्रागोनुलाच्या दोन जाती आहेत, कार्बोनारिया आणि हॉकिंग्साय. कामकरी माशी हातात घेऊन बघितली तर तज्ज्ञालाही फरक सांगता येत नाही. पेटी उघडली की दिसतो: एकीच्या पिल्लांच्या कोठड्या गोल जिन्यासारख्या वळत वर जातात, दुसरीच्या सुट्या झुबक्यांत असतात. तिथल्या पेट्यांसमोर हजारो माश्या एकमेकींना धरून जमिनीवर मरून पडलेल्या दिसायच्या, लोक म्हणायचे लढाई झाली. 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात या लढायांचं गूढ उलगडलं. हॉकिंग्सायच्या माश्या कार्बोनारियाचं घर जिंकून तिथे स्वतःची राणी बसवत होत्या. बाहेरची नळी तीच, पेटी तीच, मालक तोच, आत सत्तांतर. ज्यांना दोन्ही माश्या एकच वाटत होत्या त्यांना ही लढाई घरातलं भांडणच वाटली असती.

आपल्याला दुसराही धडा मिळालेला आहे, आणि तो घरचा आहे. 1991 च्या सुमारास थाई सॅकब्रूड हा विषाणू केरळ-कर्नाटकात शिरला आणि दक्षिणेतल्या सातेरीच्या बहुतेक वसाहती एकदोन वर्षांत रिकाम्या झाल्या. पेट्या एका जिल्ह्यातून दुसऱ्या जिल्ह्यात फिरत होत्या, रोगही पेट्यांबरोबर फिरला. सातेरीबद्दल आपल्याला पोयापेक्षा शंभरपट माहिती होती, तरी हे झालं.

मग भारतात पोयाच्या जाती किती? रासमुसेन यांनी 2013 मध्ये भारतीय उपखंडाचा आढावा घेतला तेव्हा तीन प्रजातींत मिळून आठ जाती धरल्या: टेट्रागोनुला, ईशान्येकडची लेपिडोट्रिगोना आणि अगदी बारीक लिसोट्रिगोना. या लिसोट्रिगोनाच्या थायलंडमधल्या भावकीची एक खोड सांगायलाच हवी: त्या माणसाच्या डोळ्यांतलं पाणी पितात, पापणीवर बसून, दुखणार नाही अशा बेतानं. तर, 2004 मध्ये केरळमधून लिसोट्रिगोनाची नवी जात आली होती. 2019 मध्ये केरळच्याच शानस आणि फसीह यांनी टेट्रागोनुलाच्या आणखी काही जाती मांडल्या. त्यानंतर धारवाडच्या शशिधर विरक्तमठ यांनी सहकाऱ्यांसोबत आणखी भर घातली. दहा वर्षांत यादी दुपटीच्या दिशेनं गेली.

इथे विरोधकांच्या बाजूनं एक गोष्ट मान्य करतो, कारण ती खरी आहे. यादी वाढली म्हणजे ज्ञान वाढलंच असं नाही. थोड्याशा नमुन्यांवर, केसांच्या रंगावर आणि मोजमापांवर नव्या जाती उभ्या राहिल्या की पुढच्या पिढीला त्यातल्या निम्म्या पुसत बसावं लागतं. जपानचे शोइची साकागामी यांनी 1978 मध्येच सांगून ठेवलं होतं की या माश्या ओळखायच्या तर नराचे जननावयव बघायला हवेत, कामकरी माशीवरून भागत नाही. नर वर्षभर मिळत नाहीत, मिळाले तरी पेटीपाशी कोणी तरी महिनोन्‌महिने बसून ते पकडावे लागतात. हे काम भिंगाखाली मान मोडून करायचं आहे आणि त्याला ना बातमी आहे ना पुरस्कार. नेमकं हेच काम करणारी माणसं आपण भरायची थांबवली आहेत. कीटकशास्त्र विभागात जागा निघते ती फवारणीवाल्याची. वर्गीकरणवाला निवृत्त झाला की त्याच्या कपाटातल्या टाचण्यांवर बुरशी येते, हे मी एका ठिकाणी डोळ्यांनी पाहिलं आहे. नाव सांगत नाही.

पैसा नाही असं नाही. राष्ट्रीय मधमाशीपालन व मध अभियानाला 500 कोटी रुपये ठेवले गेले. महाबळेश्वरजवळचं मांघर 2022 मध्ये राज्यातलं पहिलं 'मधाचं गाव' जाहीर झालं. पुण्यात 1962 पासून केंद्रीय मधमाशी संस्था आहे. म्हणजे इच्छा आहे, व्यवस्था आहे, फक्त तिचा सगळा तोंडवळा सातेरी आणि मेलिफेरा, म्हणजे बाहेरून आणलेली युरोपीय मधमाशी, यांच्याकडे आहे. पोया त्यात 'इतर' या रकान्यात येते. कलिंगड, काकडी, पॉलिहाऊसमधली पिकं, आंबा यांच्या परागीभवनासाठी ती आता मागितली जाते आहे आणि 'इतर' रकान्यातून पेट्या निघायला लागल्या आहेत.

मधाचंच घ्या. आपल्या अन्नसुरक्षेच्या नियमांत मधातल्या पाण्याची मर्यादा 20 टक्के आहे. हा आकडा सातेरी-मेलिफेरावरून आलेला. पोयाचा मध मुळातच पातळ आणि आंबटसर, पाणी या मर्यादेपलीकडे सहज जातं. म्हणजे काकी बाळाला चाटवायची तो मध कायद्याच्या भाषेत निकृष्ट ठरू शकतो आणि साखरेचं पाणी घालून बाटलीवर 'पोया' लिहिणाऱ्याला पकडायला मात्र कुठलीच कसोटी नाही. (बाळाला वर्षाच्या आत कुठलाच मध चाटवू नये हे डॉक्टर सांगतात ते बरोबरच आहे.) मलेशियानं 2017 मध्ये आपल्या 'केलुलुत' मधासाठी वेगळं मानक केलं आणि पाण्याची मर्यादा 35 टक्क्यांपर्यंत नेली. 2020 मध्ये क्वीन्सलँडच्या संशोधकांनी ऑस्ट्रेलिया, मलेशिया आणि ब्राझीलमधल्या पाच जातींच्या मधात ट्रेहॅल्युलोज नावाची, एरवी दुर्मीळ असलेली साखर सापडल्याचं दाखवलं. काहींत शंभर ग्रॅमला 13, काहींत 44. या साखरेनं भेसळ पकडता येईल, पण आपल्या पोयाच्या कुठल्या जातीत ती किती असते हे आधी मोजावं लागेल. जात माहीत नसताना मोजलं तर सरासरी कशाची काढणार?

माझी मागणी फार मोठी नाही. अनुदानाची पेटी ज्या जिल्ह्यात भरली त्याच्या लगतच्या जिल्ह्यापलीकडे जाऊ नये, निदान जाती ठरेपर्यंत. प्रत्येक पेटीवर कंपनीच्या नावाआधी ती वसाहत कुठल्या गावच्या भिंतीतून किंवा झाडातून काढली ते लिहावं. आणि पेटी भरताना दहा कामकरी माश्या, मिळाला तर एखादा नर, स्पिरिटच्या बाटलीत टाकून त्यावर गाव आणि तारीख घालावी. खर्च बाटलीचा. पाच वर्षांत कोणत्याही विद्यापीठाकडे नसेल असा सह्याद्रीचा संग्रह शेतकऱ्यांच्या हातून उभा राहील. पुस्तिकांतून 'ट्रायगोना' काढून 'टेट्रागोनुला' घालायला तर पैसेही लागत नाहीत, पुढच्या छपाईत एक शब्द बदलायचा.

माझी विकतची पेटी मार्चमध्ये बसली. उन्हं तापल्यावर मेणाच्या मडक्यांचा लगदा झाला, मुंग्या शिरल्या आणि आठवड्याभरात आत नुसती राळ उरली. जात वेगळी होती म्हणून की माझं चुकलं, हे मला सांगता येणार नाही. पेटी पत्र्याच्या पडवीत ठेवली होती, तेव्हा निम्मा दोष माझाच असणार. जोत्यातल्या माश्या मात्र त्याच उन्हात नळी वाढवत होत्या. शेवटच्या दिवसांत पेटीतल्या दहा माश्या मी स्पिरिटमध्ये ठेवल्या, जोत्यातल्या दहा दुसऱ्या बाटलीत. पहिल्या बाटलीवर गावाची जागा रिकामी आहे, कारण विकणाऱ्याला ते सांगता आलं नाही. दोन्ही फ्रीजच्या दारात आहेत. काकीनं दोनदा सांगून झालं आहे की कोकमाच्या आगळाशेजारी ठेवू नकोस, पाव्हणा चुकून ओतील.